कण्हेरीची वई

त्या साली हस्त कोरडा गेला. भात पोटरीत असताना पंधरा दिवस थेंब पडला नाही, आणि खाडीकाठच्या खारीतल्या जमिनीवर मिठाचे पांढरे पापुद्रे वर आले. लोंब्या उभ्याच राहिल्या, हलक्या आणि पोकळ. भात निम्मं झालं, पेंढा त्याहून कमी. माणसांनी पेज पातळ केली. बैलांच्या गवाणीत पातळ करण्यासारखं काही नव्हतं.

कोंडाजीच्या विहिरीचं पाणी माघातच मचूळ झालं. वाडीतली अबोली आधी गेली. तिची पानं कडेने जळत आत आली. मग मोगरा. फाल्गुन लागेपर्यंत वाडीत हिरवं असं एकच उरलं, शेजारच्या दादूच्या परड्याच्या बाजूने कुंपण म्हणून लावलेली कण्हेरीची वई. चौसष्ट झाडं, छातीइतक्या उंचीची, एक पांढरं, एक तांबडं अशी लावलेली. पानं तीन-तीनच्या वेढ्याने, जाड, चामड्यासारखी. तिला कोणी पाणी घालत नव्हतं. खारं वारं लागून बाकीच्या झाडांची मान पडली, तेव्हा कण्हेरीवर कळ्यांचे झुबके धरत होते.

आणि ते बरं होतं, कारण वाडी देवाची होती. टेकडीवरच्या महादेवाला दर सोमवारी एकशेआठ फुलांची माळ द्यायची आणि वाडी खायची, हा कोंडाजीच्या आज्यापासूनचा करार. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण गावात प्रत्येकाला पाठ होता. एक सोमवार चुकला की वाडी दुसऱ्या घरी. मागणारी तीन घरं तयार होती. म्हणून तर आज्याने वई कण्हेरीची केली होती. मोगऱ्याला ऋतू असतो. कण्हेर बारा महिने काही ना काही देते.

ही वई गेल्या मार्गशीर्षापासून कोंडाजीच्या सुनेकडे, रंगूकडे आली होती. सासू काशी तापाने गेली. नवरा मोरू मुंबईला गोदीत. तिथेही काम कमी झालेलं, महिन्यातले दहा दिवस बसून काढायचा आणि शिमग्यालाही आला नाही. घरात कोंडाजी आणि ती.

रंगूचं माहेर उरणकडचं, मिठागरातलं. तिथे झाड म्हणजे खाडीच्या कडेची तिवरं. लग्न होऊन आली त्या उन्हाळ्यात तिने कण्हेरीला रोज दोन हंडे घातले होते, आणि पंधरा दिवसांत खालची पानं पिवळी पडून गळाली. काशी कपाळाला हात लावून म्हणाली होती, "अगो, तहानेनं न्हाय मरायची ती. तुझ्या मायेनं मरंल." तेव्हापासून रंगूने पाणी थांबवलं. पण हाताला स्वस्थ बसवेना. सकाळी उठून ती वईच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायची, पानं उलटी करून बघायची, मागच्या बाजूला पिवळा मावा दिसला तर बोटाने पुसून काढायची. संध्याकाळी परत तेच.

शिमग्याला छाटणी आली. सगळी वई एकदम छाटली तर सोमवार बुडेल, म्हणून एक आड एक झाड छाटायचं. निम्मी या साली, निम्मी पुढच्या. कोंडाजी गावकीच्या कामाला खारीच्या बांधावर गेला होता. खेकड्यांनी पोखरलेला बांध गाव मिळून भरत होतं. रंगूने एकटीने कोयता चालवला. चीक हातावर वाळून कातडी ओढायला लागली. फांद्यांचे पाच भारे झाले.

"छाटन खाडीत टाकायची. ओहोटीला," एवढं काशीने सांगून ठेवलं होतं. रंगूने तीन भारे डोक्यावरून खाडीपर्यंत नेले, गुडघाभर चिखलात उतरून ओढत्या पाण्यात सोडले. चौथा उचलत होती तेव्हा वईपलीकडून हाक आली.

"रंगू! तुझी शेळी परत माझ्या वालात शिरली. दोरानं बांधतेस का सुतानं?"

दादूची बायको भागुबाई. कंबरेला पदर खोचलेला, हातात रंगूच्या शेळीचा कान.

"काकी, खिंडार तुमच्या गाडीनं पाडलं. शेळीला काय ठाव, वई कुटं सपली?"

"मग तिला ठाव पडंल असं कायतरी लाव की. का मी येऊन उभी राहू वालात, बुजगावनं होऊन?"

"उभ्या राहा. कावळं पन येनार न्हायत."

भागुबाईला हसू आलं. तिने कान सोडला. पावसाळ्यात दादूची गाडी कलंडून दोन झाडं मोडली होती, त्या जागी दोन हात मोकळे होते. रंगूने खिंडाराकडे बघितलं, मग हातातल्या भाऱ्याकडे.

"हे कोंबू? कन्हेरीला गुरं तोंड लावीत न्हायत."

"शेळीपन?"

"शेळीपन. चार वर्सांत एक पान खाल्लं न्हाय तिनं. बांगडीची काच खाईल, कन्हेर खानार न्हाय."

"आन मग. दे दोराचं टोक, मी हिकडनं ओढते."

दोघींनी मिळून दोन भारे खिंडारात उभे केले. इकडून रंगूने दाबले, तिकडून भागुबाईने काथ्याचा दोर ओढून गाठ मारली. शेळीने नाक लावून हुंगलं आणि फिरली. काम चांगलं झालं होतं; लांबून वई सलगच दिसायची, आणि परड्याच्या त्या भागात बायकांशिवाय कोणी फिरकत नव्हतं. भागुबाईने त्या संध्याकाळी रंगूला वाटीभर वाल दिले.

चैत्र गेला. भाऱ्यातली पानं आधी मलूल झाली, मग करडी, मग कडक. दादूचा पेंढा अक्षय्य तृतीयेलाच संपला. त्यानंतर तो बैलांना परड्यात मोकळं सोडायला लागला. तिथे वालाचे वाळके वेल होते, ते त्यांनी तीन दिवसांत मुळापर्यंत खाल्ले.

चौथ्या दिवशी दुपारी दादूचा पवळ्या बैल उभ्या उभ्या लाळ गाळायला लागला. पोट फुगलं. मागचे पाय थरथरत होते, कान थंडगार. तो बसला, उठला, परत बसला. गुरांचं जाणणाऱ्या विठोबाला बोलावलं. विठोबाने पवळ्याच्या जबड्याखाली बोटं ठेवली आणि बराच वेळ काढली नाहीत.

"नाडी चार ठोकं मारते अन् थांबते," तो म्हणाला. "मग परत चार."

कोकमाचं पाणी पाजलं, ताक पाजलं. ते नाकातून बाहेर आलं. दिवस उगवायच्या सुमाराला पवळ्याने पाय ताणले आणि गेला. विठोबाने त्याचा जबडा फाकवून दाढांच्या फटीतून करड्या पानाचा एक तुकडा बोटाने काढला. तळव्यावर घेऊन चुरला.

"कन्हेर."

"गुरं कन्हेर खात न्हायत," दादू म्हणाला.

"हिरवी खात न्हायत. कडू लागते. वाळली की कडूपन जातं. ईख न्हाय जात."

परड्यात जमलेल्या माणसांत कोंडाजी होता. वईच्या अलीकडे रंगू उभी होती. तिने विठोबाचं बोलणं शब्दन् शब्द ऐकलं. माणसं बैलाभोवती होती तोवर ती वाकून खिंडारापाशी गेली. भारे तसेच उभे होते. तिच्या बाजूला पानं होती. पलीकडच्या बाजूला हाताएवढ्या उंचीपर्यंत नुसत्या काटक्या, सोलल्यासारख्या.

तिने कोयत्याने दोर कापला, दोन्ही भारे ओढून काढले आणि खाडीकडे चालू लागली. ओहोटी नव्हती. भरतीच्या पाण्यात सोडलेल्या काटक्या परत तिच्याच पोटऱ्यांना येऊन लागत होत्या. ती त्या पुन्हा पुन्हा ढकलत राहिली. वळली तेव्हा बांधावर भागुबाई होती. डोळे रडून सुजलेले. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. भागुबाई माघारी गेली.

दादू गप्प बसणारा नव्हता. पंधरा दिवसांनी मृग, आणि गोठ्यात एकच बैल. तो पाटलाच्या ओट्यावर गेला.

"वई खनून काढा. आज माझा बैल गेला, उद्या कुनाचं पोर पान चावंल."

"शंभर वर्सांत कुनाचं पोर चावलं?" कोंडाजी म्हणाला. "माझ्या घरची छाटन खाडीत जाते. एक काटकी वाडीत राहत न्हाय. तुझ्या बैलानं कुटं खाल्ली ते तू बघ."

"म्हंजे मी आनून घातली?"

"मी तसं म्हनलो न्हाय."

"म्हन की! म्हन, दादूनं स्वतःचा बैल मारला!"

तुळशीराम पाटलाने दोघांना खाली बसवलं. त्याने तोड काढली, ती गावच्या रीतीची. सोमवारी देवळात पिंडीवरचं फूल उचलून कोंडाजीने सांगावं, की माझी छाटणी बाहेर पडली नव्हती. सांगितलं तर वई राहील आणि दादूने पुन्हा बोलायचं नाही. नाही सांगितलं तर दादूने वई मुळासकट खणावी.

"आत्ता चल म्हनलास तर आत्ता उचलतो," कोंडाजी म्हणाला.

ते चार दिवस रंगूचा पाय एका जागी ठरला नाही. चुलीवर पेज ठेवून ती वईपाशी जायची, पेज उतू जायची. हंडा भरायला जाऊन रिकामाच घेऊन यायची. फुलं मोजायची, परत मोजायची. मोरूला कळवावं तर पत्र लिहून कोण देणार, आणि उत्तर येईतो सोमवार होऊन जाणार. रविवारी संध्याकाळी कोंडाजी ओट्यावर बसून पागोटं झटकत होता. ती उंबऱ्याआड उभी राहिली.

"मामंजी, त्या फांद्या..."

"कुटल्या?"

"शिमग्याच्या."

"त्याची तू काळजी करू नको. तुझ्या आत्यानं चाळीस वर्सांत एक काटकी ठेवली न्हाय. तू तिच्याच हाताखालची." त्याने पागोट्याची घडी मांडीवर दाबली. "माझ्या जिभेवर गावाचा इस्वास हाय, म्हनून पाटलानं फूल उचलायला सांगितलं. दादूला न्हाय सांगितलं."

रंगू उंबऱ्याआडून चुलीकडे वळली. तो म्हातारा आजवर खोटं बोललेला नव्हता, आणि उद्या देवासमोर तो खोटं बोलणार होता. खरं समजून.

सोमवारी तिने माळ ओवली. पांढरी छप्पन्न, तांबडी बावन्न. टेकडीवर गाव जमलं होतं. पुरुष सभामंडपात, बायका पायऱ्यांखाली. दत्तात्रेय गुरवाने पिंड धुतली, माळ घातली आणि माळेतलंच एक पांढरं फूल काढून पिंडीच्या माथ्यावर ठेवलं. कोंडाजी पुढे झाला. त्याने धोतराचा सोगा खोचला, दोन्ही हात पाण्याने धुतले. घाई नव्हती. उजवा हात पुढे गेला.

"मामंजी, उचलू नका."

रंगू तिसऱ्या पायरीवर आली होती. आपण कधी चढलो ते तिला कळलं नव्हतं.

"घरातली बाय मधी कशी बोलते?" मागून कोणीतरी म्हणालं.

"बोलू द्या," दादू म्हणाला.

"दोन भारे मी खिंडारात कोंबले. शेळी जाऊ नये म्हनून. मामंजींना ठाव न्हाय. पवळ्या गेला त्या सकाळी मीच ते काढून खाडीत टाकले."

पिंडीवर गळतीचं पाणी ठिबकत होतं. तुळशीराम पाटील पुढे झुकला.

"एकटीनं?"

पायऱ्यांखाली, बायकांच्या घोळक्यात भागुबाई होती. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला.

"एकटीनं," रंगू म्हणाली.

कोंडाजीचा हात अजून पुढेच होता. तो त्याने मागे घेतला, धोतराला पुसला. मग कोणाकडे न बघता पायऱ्या उतरला. बायकांनी त्याला वाट दिली. घरी येईपर्यंत रंगू त्याच्यामागे वीस पावलांवर चालत होती. त्याने स्वतःच तांब्या बुडवून पाणी घेतलं. तिने वाढलेलं जेवला, पण "वाढ" म्हणाला नाही आणि "पुरे"ही म्हणाला नाही.

मंगळवारी उन्हं यायच्या आत दादू पहार आणि कुदळ घेऊन आला. सोबत भाऊ बाळाजी. खाडीकडच्या टोकाने त्यांनी सुरुवात केली. वरून लवचिक दिसणारी कण्हेर खाली भलतीच चिवट निघाली. हातभर खोल गेल्यावर मुळं मनगटाएवढी, आणि त्याखाली परत दुसरी, पाण्याच्या शोधात तिरकी गेलेली. कुदळ मुळावर बसली की उसळायची. तासाभरात दोन झाडं निघाली.

"ह्याच्यापरीस तिवर बरं," बाळाजी म्हणाला. त्याच्या तळव्याला फोड आले होते. "दादा, पवळ्या मेला ते मेला, आता आपन दोघं मरतो."

"खन गपचीप."

कोंडाजी ओट्यावर वईकडे पाठ करून बसला होता. प्रत्येक घावाला त्याची मान किंचित हलत होती. रंगू बसली नव्हती. झाड निघालं की ती फांद्या गोळा करायची, एक पान मागे न ठेवता भारा बांधायची, खाडीवर जायची, यायची. पुढचं झाड निघालेलं असायचं. चौसष्टातली दोन खिंडारात गेलेली, म्हणजे बासष्ट. त्यातली दोन. मग तीन. मग पाच. पुढच्या सोमवारला सहा दिवस होते.

सहावं झाड आडवं पडलं तेव्हा भागुबाई तांब्या घेऊन परड्यातून आली. दादू उभ्यानेच पाणी घटाघटा प्यायला. तांब्याला त्याच्या हाताचं रक्त लागलं.

"आनखी किती?" तिने विचारलं.

"मोज तूच."

तिने वईवर नजर फिरवली. पलीकडून रंगू खाडीवरून परत येत होती, पोटऱ्या चिखलाने माखलेल्या. भागुबाईने रिकामा तांब्या छातीशी धरला.

"दोराची दुसरी गाठ माझी होती."

"कसली गाठ?"

"भाऱ्याची. ती तिकडनं दाबत होती, मी हिकडनं ओढत होती. शेळी वालात येते म्हनून कायतरी लाव, असं मीच बोलली."

दादूने पहार जमिनीवर टेकवली. "मग देवळात तोंडाला काय झालं होतं तुझ्या?"

"तुमी उभे होता तितं."

"आन आता? आता मी कुटं गेलोय?"

"आता ती दिसते मला. सकाळपासनं. पाटलानं विचारलं तवा ती एकटीनं म्हनाली, अन् मी पदर ओढून ऐकत राहिली." भागुबाईचा आवाज चढला. "खना तुमी. पन मग सांगा गावाला, बायकोनं बैल मारला म्हनून खनतो."

बाळाजीने कुदळ हळूच खाली ठेवली. ओट्यावर कोंडाजी पाठमोराच बसला होता, पण आता त्याची मान वळली होती. दादू सातव्या झाडाकडे बघत उभा राहिला. मग त्याने पहार दोन्ही हातांनी उचलून जोरात घातली. ती झाडाला न लागता नुसत्या मातीत गेली, अर्धी. उपटायला त्याला तीन हिसके द्यावे लागले.

"चल," तो भावाला म्हणाला. आणि जाताना, कोणाकडे न बघता, "पाटलाला मी सांगतो."

दुपारी त्याच्या घरातून भांड्यांचे आणि बोलण्याचे आवाज येत होते. रंगू आणि भागुबाई, दोघींपैकी कोणी त्या दिवशी पुन्हा वईपाशी आलं नाही.

सहा खड्डे उघडे राहिले. तिसऱ्या दिवशी कोंडाजी कोयता घेऊन उठला. त्याने तांबड्या झाडाची अंगठ्याएवढी जाड काटकी निवडली, पेराखाली तिरकी कापली, चीक वाळेपर्यंत सावलीत ठेवली. अशा सहा, तीन तांबड्या, तीन पांढऱ्या. रंगू लांबून बघत होती.

"इकडं ये," तो म्हणाला. सोमवारनंतरचा त्याचा पहिला शब्द. "माती दाब. टाचेनं. वारा राहिला न्हाय पायजे मुळाशी."

तिने दाबली.

"तुझ्या आत्यानं तुला सांगितलं न्हाय? छाटन खाडीत का टाकायची ते?"

"ओहोटीला टाक, इतकंच सांगितलं."

कोंडाजीने दुसऱ्या खड्ड्यात काटकी उभी केली. बराच वेळ ती सरळ आहे का ते बघत राहिला.

"मलापन तिनं इतकंच सांगितलं होतं," तो म्हणाला. "का ते मला विठोबाकडनं कळलं. त्या सकाळी."

रंगूने मान वर केली. तो पुढच्या खड्ड्याकडे सरकला होता.

"पानी एकदाच घाल," तो तिकडून म्हणाला. "मग जीव धरंपर्यंत हात लावू नको. जमंल?"

"जमवते."

सोमवारी शहाण्णव फुलं भरली. उरलेल्या बारा कळ्या होत्या, जेमतेम टोकं उलगडलेल्या. त्या पाण्यात ठेवून तिने तास-दीड तास वाट बघितली आणि तशाच ओवल्या. दत्तात्रेय गुरवाने माळ हातात घेतली, बोटांनी चाचपली, कळ्यांपाशी थांबला. खालच्या पायरीवर वाडी मागणाऱ्या तीन घरांची माणसं उभी होती. त्याने पुटपुटत मोजलं.

"एकशेआठ," तो मोठ्याने म्हणाला आणि आत गेला.

मृगाच्या आदल्या दिवशी सकाळी रंगू गोठ्यात शेण भरत होती. कोंडाजी पडवीत नांगराचा फाळ ठोकत होता. दादू परड्यातून खिंडारातून आत आला. त्याने कोणाला हाक मारली नाही. सरळ गोठ्यात शिरला, कोंडाजीच्या दोन बैलांकडे आळीपाळीने बघितलं आणि अलीकडच्याचं दावं सोडायला लागला. पडवीतला ठोकण्याचा आवाज थांबला. कोंडाजीने गोठ्याकडे बघितलं, फाळ उलटा केला आणि परत ठोकायला लागला.

रंगूने शेणाचे हात पाठीमागे घेतले.

"काका, तो डावीकडचा हाय. उजवीकडं जुपला तर चालत न्हाय, बसतो."

"ठाव हाय," दादू म्हणाला. "पवळ्यापन डावाच होता."

त्याने दावं हाताला गुंडाळलं. बैल दारापर्यंत गेला, तिथे थांबला, मग चालू लागला.

"दुपारच्याला आनून सोडतो. तुमच्या नांगराला."

"ऊन लई हाय," रंगू म्हणाली. "दोन्ही वक्त चालवायचा तर पेंढा कोन घालनार त्याला?"

दादू वळला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्याने तिच्याकडे नीट बघितलं.

"अर्धा तू, अर्धा मी. कुटनं तरी आनतो," तो म्हणाला. "आन आधी ते दार धर. शेळी भायेर निघाली."